पिंढरीवरचा चावा आणि विषाणूचा धडा

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावरील खोलीत संध्याकाळी साडेसातला नववी-दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. घरात दहा बाय बाराची खोली, त्यात सहा-सात माणसे, कोपऱ्यात टीव्ही चालू. पोराने वाचायचे कुठे? म्हणून हा वर्ग. विज्ञानातला 'विषाणू' हा भाग चालू असताना नववीतला एक मुलगा दोन दिवस आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी त्याला कुत्रा चावला. घरी गेलो. पिंढरीवर दातांच्या चार खुणा, त्यात लाल तिखट भरलेले आणि वरून फडके बांधलेले.

"मास्तर, तिखट इख ओढून घेतं," आजी म्हणाली. "आणि कुत्रं काय पिसाळलेलं नव्हतं."

आईची अडचण वेगळी. "सर, खाडा झाला की दिवसाचा पगार जातो. रविवारी नेते ना त्याला."

मी फडके सोडले, पोराला मोरीत नळाखाली बसवले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणाने जखम धुतली. तिखटाने तो कळवळत होता. त्याच रात्री पालिकेच्या रुग्णालयात नेऊन केसपेपर काढला. दंडात लस टोचली, आणि चावा खोल म्हणून जखमेच्या भोवती वेगळे औषधही टोचले. रांगेत बसलेले असताना पोराने मला विचारले, "सर, गोवराची लस रोग यायच्या आधी देतात. मला तर कुत्रा परवाच चावलाय. आता लस घेऊन काय उपयोग?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर विषाणूच्या जीवनचक्रात आहे, पण आपण तो भाग फक्त पाच गुणांच्या आकृतीपुरता पाठ करतो.

विषाणू म्हणजे काय, तर एक निरोप आणि त्याभोवतीचे पाकीट. निरोप म्हणजे डीएनए किंवा आरएनए यांपैकी एक केंद्रकाम्ल. पाकीट प्रथिनांचे. काही विषाणूंच्या पाकिटावर आणखी एक स्निग्ध पदार्थाचे, चरबीचे, आवरण असते. बस्स, एवढेच. पेशीद्रव्य नाही, केंद्रक नाही, श्वसन नाही, खाणेपिणे नाही. पोलिओचा विषाणू वीस पृष्ठांच्या चेंडूसारखा, सुमारे 30 नॅनोमीटरचा. एक मिलिमीटर लांबीच्या रांगेत असे तेहतीस हजार मावतील. रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा आणि त्याला चरबीचे आवरण असते. म्हणूनच साबण महत्त्वाचा. कपड्यावरचा तेलाचा डाग साबणाने सुटतो तसे ते आवरण विरघळते आणि विषाणू निकामी होतो. तिखट, चुना, हळद यांनी ते होत नाही, उलट जखम चिघळते. (पुस्तकातली ती कोळ्यासारखे पाय असलेली आकृती पाहून मुलांना वाटते की सगळेच विषाणू तसे दिसतात. तो फक्त जीवाणूंवर जगणारा विषाणू आहे. माणसाशी त्याचे काही वैर नाही.)

मग हा निर्जीव पुडका वाढतो कसा? आपल्या गिरणगावातल्या माणसाला हे चटकन समजेल. समजा, एक उपरा माणूस रात्रपाळीला गिरणीत घुसला. त्याच्याकडे ना साचा, ना सूत, ना कामगार. खिशात फक्त डिझाईनचे एक कार्ड. त्याने साचेखात्यात जाऊन गिरणीचे कार्ड काढले आणि आपले लावले. आता साचे गिरणीचे, सूत गिरणीचे, वीज गिरणीची, पण कापड निघते त्याचे. विषाणू हेच करतो. आधी पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो, तेही वाटेल त्या पेशीला नाही, ज्या कुलपाला त्याची किल्ली लागते तिलाच. मग आत शिरतो, पाकीट उतरवतो, निरोपाच्या प्रती काढून घेतो, पेशीकडूनच नवी पाकिटे करवून घेतो, जुळणी होते आणि शेकडो नवे विषाणू बाहेर पडतात. पुष्कळदा पेशी फुटून मरते. बाहेर असताना तो दगडासारखा आणि आत गेला की मालकासारखा. म्हणून त्याला सजीव-निर्जीवाच्या सीमारेषेवर ठेवतात. 1935 साली स्टॅन्ले या अमेरिकन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानावर रोग पाडणाऱ्या विषाणूचे मिठासारखे स्फटिक केले, तेव्हा जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनाही हाच पेच पडला होता. तेव्हा परीक्षेत हा प्रश्न आला तर घाबरू नका.

आता पोराच्या प्रश्नाकडे येऊ. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागी स्नायूत पडतो आणि तिथून मज्जातंतूत शिरतो. त्याला जायचे असते मेंदूत. पिंढरीपासून मेंदूपर्यंतची ही वाट तो तंतूच्या आतून हळूहळू चालतो. बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभरातही गाठतो, चेहऱ्याला किंवा हाताला चावा असेल तर वाट जवळची. या सवडीत लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते. ती तयार होईपर्यंतचे दिवस निभावून नेण्यासाठी जखमेभोवती ते दुसरे औषध, म्हणजे आयती प्रतिपिंडे. ही शर्यत आहे. आणि एकदा का पाण्याची भीती, घशाला आचके अशी लक्षणे सुरू झाली, की जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून रविवारपर्यंत थांबायचे नाही. कुत्रा दहा दिवस जगतो का ते जरूर पाहावे, पण लस सुरू करून मग पाहावे.

जुन्या माणसांच्या मनात बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने अजून बसली आहेत. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात.

साथ म्हटली की मुले सरसकट 'विषाणू' लिहितात. तसे नाही. 1896 ला मुंबईत आलेला प्लेग जीवाणूचा होता. त्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी लस काढली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, तीच आजची हाफकिन संस्था. त्याच प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीच्या ज्या चाळीत बाबासाहेब राहिले, ती याच ट्रस्टची. एका जीवाणूने आपल्या वस्तीचा नकाशा बदलला, असे म्हणायला हरकत नाही.

विषाणूवरची हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लसदेखील याच शहरात टोचली गेली. 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस दिली. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. व्हिएन्नाहून निघालेली लस बगदाद, बसरा करत एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात अशी जिवंत ठेवत आणली होती. त्या मुलीच्या दंडावरून ती मुंबईतून बाकी देशभर गेली. लोक त्या रोगाला 'देवी' म्हणत, नवस बोलत, आणि मूल गेले तर कोप झाला म्हणत. कोप शांत झाला तो लसीने. 1975 नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही, आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातूनच रोग गेल्याचे जाहीर केले.

पोलिओचेही तेच. विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून पोटात असा हा विषाणू जातो. साधारण दोनशे मुलांना लागण झाली तर एखाद्याच्याच मज्जारज्जूतल्या पेशी तो मारतो, पण त्या एकाचा पाय कायमचा लुळा. माझा आतेभाऊ त्या एकातला. परळच्याच हाफकिन महामंडळाने पोलिओ डोसाच्या बाटल्या देशभर पुरवल्या. भारतातला शेवटचा रोगी 13 जानेवारी 2011 चा, हावड्याचा. गोवर मात्र गेलेला नाही. 2022 च्या अखेरीस गोवंडीकडची कितीतरी मुले चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात भरती होती, त्यांत लस न घेतलेली पुष्कळ. नऊ महिन्यांचा डोस घेतात आणि दीड वर्षाचा विसरतात, हेही घरोघरी दिसते.

काही विषाणू पेशी लगेच मारत नाहीत, दबा धरून बसतात. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू बरे झाल्यावरही मज्जातंतूंच्या गाठीत झोपून राहतो आणि पन्नाशी-साठीत तंतूच्या मार्गाने फोड आणतो. ती नागीण. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, ही भाकडकथा. फोड एका बाजूलाच येतात, कारण तो तंतूच तेवढ्या बाजूचा असतो. उतरवणाऱ्याकडे न जाता पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरकडे गेले तर गोळ्यांचा उपयोग होतो. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी जावे.

आणि सर्दीला अँटिबायोटिक मागू नये. ते औषध जीवाणूच्या यंत्रावर घाव घालते. विषाणूपाशी यंत्रच नाही.

पोराच्या आईने पहिल्या दोन तारखांना खाडा केला, पगार कापला गेला. पुढच्या तारखांना कागद घेऊन आजी गेली. शेवटच्या दिवशी मीही बरोबर होतो. आमच्या पुढे एक बाई, कडेवर मूल, मुलाच्या मनगटाला हळद थापलेली. आजीने तिच्या खांद्याला हात लावला आणि कोपऱ्यातला नळ दाखवला.

"आधी तिथं धर बाई. साबणानं. पंधरा मिनिटं. नंबर मी धरते तुझा."