सोयाबीनला नत्र किती, गंधक किती?



आपल्या शाळेतील बऱ्याच कुटुंबांची शेती इंदूर, देवास, धार व उज्जैन या जिल्ह्यांत आहे. खरिपात तेथे सोयाबीन असते. पाने पिवळी दिसली की आपण लगेच युरिया टाकतो. हा खर्च कित्येकदा वाया जातो. असे का होते, ते समजून घेऊ.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. प्रथिने बनण्यासाठी नत्र हवे. एक टन दाण्यांमागे पीक सुमारे ८० किलो नत्र घेते, म्हणजे हेक्टरी दोन टन उत्पादनाला १६० किलो! एवढे नत्र आपण पोत्यातून देत नाही. हवेत ७८ टक्के नत्रवायू आहे. मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जीवाणू तो पकडून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त गरज अशी भागते.

गाठी कामाला लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, म्हणून पेरणीच्या वेळी थोडे नत्र द्यावे. मात्र युरिया जास्त झाला तर गाठी कमी बनतात. घरी आयता डबा येऊ लागला की चूल थंड पडते, तसेच हे.

आता गंधक. गाठींमध्ये नत्र बांधणाऱ्या विकरात लोह व गंधक असतात, म्हणून गंधक कमी पडले तर हे कामही मंदावते. शिवाय मेथिओनिन व सिस्टीन ही अमिनो आम्ले गंधकाशिवाय बनत नाहीत. नत्र भरपूर आणि गंधक अपुरे असेल तर दाण्यात ही आम्ले फार कमी असलेले प्रथिन वाढते. प्रथिनाचा आकडा चांगला दिसतो, पण कस उतरतो. सोयावडी आपल्याच मुलांच्या ताटात येते, हे लक्षात ठेवावे.

मध्य भारतासाठी हेक्टरी शिफारस अशी आहे: नत्र २५, स्फुरद ६०, पालाश ४० व गंधक २० किलो. विद्यार्थ्यांनो, आता हिशेब करा. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते. १३० किलो डीएपीतून ६० किलो स्फुरद व सुमारे २३ किलो नत्र मिळते, पण गंधक शून्य. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद व ११ टक्के गंधक असते. त्याच्या ३७५ किलोंतून तेवढेच स्फुरद आणि वर सुमारे ४१ किलो गंधक मिळते. नत्रासाठी सोबत ५४ किलो युरिया पुरतो. डीएपीच वापरायचे असेल तर गंधकासाठी जिप्समची जोड द्यावी. वर्षानुवर्षे फक्त डीएपी टाकून सोयाबीन व गहू घेतलेल्या शेतात गंधकाची उणीव दिसू लागते.

उणीव ओळखावी कशी? नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात. गंधक झाडात सहज सरकत नाही, म्हणून त्याच्या उणिवेत वरची कोवळी पाने फिकी होतात. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर लोहाची शंका घ्यावी. हिरवे-पिवळे चट्टे असतील तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा पिवळा मोझॅक रोग असू शकतो. यांवर युरियाचा उपयोग नाही. शेतात पाणी तुंबले तरी पीक पिवळे पडते. तेथे आधी निचरा करावा.

अंदाजापेक्षा माती परीक्षण बरे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा स्वास्थ्य कार्डात गंधकाचाही आकडा असतो. पालकांनी तो पेरणीआधी जरूर पाहावा.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना एक काम. पेरणीनंतर ४०-४५ दिवसांनी, घरच्या मोठ्यांना विचारून, एक झाड मुळासकट हळूच खणून काढा. गाठी मोजा आणि एक कापून पाहा. आत गुलाबी-लाल असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. ही नोंद वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला आणा आणि घरी वडिलांनाही दाखवा. पुढच्या पेरणीला खताची यादी करताना ती उपयोगी पडेल.

– प्राचार्य