बरणीतलं फुलपाखरू नर का मादी?

ताईंनो, शनिवारी मारुतीसाठी बांधावरची रुईची पानं तोडताना काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी बघितली असेल. पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी. गेल्या बैठकीत दोघीजणी म्हणाल्या, पोरांनी बरणीत पाळलीय, आता नर का मादी ते कसं कळायचं?

सोपं आहे. पंख मिटून बसलं की मागच्या पंखाच्या मधोमध बघा. मादीला तिथं तीन काळे ठिपके. नराला चौथाही असतो, मध्ये पांढुरका. ती खरं तर वासाची पिशवी आहे, मादीला भुलवायला! या वासाचा कच्चा माल नर खुळखुळ्यासारख्या झाडांतून चोखून आणतो. म्हणजे अत्तराची हौस गड्यालाच.

एक फसगत सांगते. घोळीच्या भाजीवर काटेरी काळी अळी मिळते. तिची मादी हुबेहूब कडव्यासारखी दिसते, कारण कडवट म्हणून कडव्याला पक्षी सहसा खात नाहीत. पण तिच्या मागच्या पंखावर असा काळा ठिपका एकच. तिचा नर मात्र काळाभोर, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा.

पंख वाळायला दोनेक तास द्या, चिमटीत धरू नका. मादी असेल तर रुईजवळच सोडा, तिथंच ती एकेक अंडं घालते.

आणि पानं तुम्हीच तोडा, पोरांना लावू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. हात साबणानं धुवा. चुकून गेलाच, तर भरपूर पाण्यानं डोळा धुऊन लगेच दवाखाना गाठा.