सातबारा हातात, वाट मात्र दुसऱ्याच्या ताब्यात!

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे यशोदा नदीच्या खोऱ्यातले मोठे गाव. काळी, भारी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिके. या काळ्या मातीचे कौतुक सगळेच करतात, पण मृग लागला की हीच माती माणसाचे आणि बैलाचे पाय धरून ठेवते. बंडीचे चाक रुतते, ट्रॅक्टर फसतो आणि खताची थैली डोक्यावर घेऊन कास्तकार चिखल तुडवत शेत गाठतो. पांदण रस्त्यांचा प्रश्न म्हटला की पुढाऱ्यांना हा चिखलच तेवढा दिसतो. म्हणून ते मुरूम टाकण्याचे आश्वासन देतात. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मुरूम टाकायला पांदण शिल्लक आहे काय? आणि असेल तर ती कोणाच्या ताब्यात आहे?

पांदण म्हणजे कोणाच्या मेहरबानीवर मिळालेली जागा नव्हे. जुन्या मोजणीचा गावनकाशा उघडून पाहा. दोन भरीव रेषांनी दाखविलेला तो एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता. दुहेरी तुटक रेषांचा तो गाडीरस्ता. एकेरी तुटक रेषेची ती पायवाट. या रेषा इंग्रज अमदानीपासून कागदावर आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 20 सांगते की, जे सार्वजनिक रस्ते आणि वाटा कोणाच्या खाजगी मालकीच्या नाहीत, त्या शासनाच्या मालकीच्या आहेत. मग शासनाच्या मालकीची ही वाट जाते कुठे?

ती एका रात्रीत जात नाही. दरवर्षी वखरणीच्या वेळी धुऱ्याला एक तास जास्त घातले जाते. या वर्षी वीतभर, पुढच्या वर्षी हातभर. दहा-पंधरा वर्षांत बंडीची वाट बैलाची होते, बैलाची वाट माणसाची होते आणि एके दिवशी तिथे पऱ्हाटी डोलू लागते. हल्ली तर एवढाही धीर कोणाला नाही. जेसीबी येतो, आडवी नाली खोदतो, तारेचे कुंपण होते. काल जिथून चार पिढ्या गेल्या तिथे आज काटे असतात. विचारायला गेलेल्या माणसाला उत्तर मिळते, ‘तुझ्या सातबाऱ्यावर रस्ता लिहिला आहे काय?’

हे उत्तर ऐकणारा माणूस कोण असतो, हे समाजाने नीट पाहावे. ज्याची जमीन गावाला लागून किंवा डांबरी रस्त्यावर आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. प्रश्न पडतो शिवाराच्या टोकाला असलेल्या दोन-तीन एकरवाल्याला. आणि टोकाची जमीन कोणाच्या वाट्याला आली? ज्यांना जमीन सर्वांत शेवटी मिळाली त्यांच्या! 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेल्या जमिनी भूमिहीनांना मिळाल्या. 1951 साली सुरू झालेली विनोबांची भूदान चळवळ तर याच जिल्ह्यातील पवनारच्या आश्रमाशी जोडलेली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964-65 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. त्यानंतर 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. 2004 सालापासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद झाली.

यातले काहीही फुकट मिळालेले नाही. पण जमीन देताना शासनाने एकरांचा हिशेब केला, वाटेचा केला नाही. देणाऱ्याने आपल्या वावराच्या मधली, रस्त्यालगतची जमीन सोडली नाही. सोडली ती नाल्याकाठची, खरडीची, आतली. म्हणजे कागदावर मालक झालेला माणूस शेतात जाण्यासाठी पुन्हा त्याच मोठ्या कास्तकाराच्या तोंडाकडे पाहतो. त्याने वाट दिली तर पेरणी, नाही दिली तर जमीन पडीत. मग दोन-चार वर्षे पडीत राहिलेली ती जमीन मातीमोल भावाने मागायला कोण येतो? बहुतेक वेळा वाट अडविणाराच! आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या प्रकरणांत हा क्रम आम्ही अनेकदा पाहिला आहे.

आणि केवळ जमीनवाल्याचाच हा प्रश्न नाही. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया याच वाटेने जातात. बकऱ्या चारणारा याच वाटेने जातो. अनेक गावांत स्मशानभूमीची वाटही हीच असते. पावसाळ्यात प्रेत खांद्यावर घेऊन परक्याच्या पिकातून जाण्याची पाळी ज्या वस्तीवर येते, त्या वस्तीला ‘रस्ता’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वाटेचा प्रश्न आणि माणुसकीचा प्रश्न या देशात कधीच वेगळे नव्हते. 1924-25 चा वायकोमचा सत्याग्रह देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातनी मंडळी कोर्टात गेली. त्यांचा दावा काय होता? तर अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे! दहा वर्षे खटला चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. वकील म्हणून आम्हाला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ एवढे म्हणून भागत नाही, ते पुराव्याने सिद्ध करावे लागते, हे त्या निकालाने दाखवून दिले. वहिवाट हे दुधारी शस्त्र आहे. अडविणाऱ्याच्या हातात ते निकामी ठरले. चालणाऱ्याच्या हातात पुराव्यासह आले तर तेच शस्त्र वाट उघडते.

पुढे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या पंक्तीला ‘रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा’ आल्या. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात रस्ता आणि वाट आली. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक जागेकडे जाण्याचा रूढीने चालत आलेला हक्क नाकारणे हा गुन्हा ठरला. 2015 च्या दुरुस्तीने सामाईक साधनसंपत्ती, स्मशानभूमी, रस्ता आणि वाट यांचा वापर रोखणे अधिक स्पष्टपणे त्यात आले. मात्र आम्ही हेही स्पष्ट सांगतो की, दोन शेजाऱ्यांमधला प्रत्येक धुऱ्याचा वाद हा अत्याचाराचा गुन्हा नसतो. जिथे जातीमुळे वाट नाकारली जाते तिथे हा कायदा जरूर वापरावा. जिथे केवळ जमिनीचा लोभ आहे तिथे महसुली कायदा वापरावा. हत्यार चुकीचे उचलले की खरा खटलाही पडतो.

महसुली कायद्यात दोन रस्ते आहेत आणि आमच्या लोकांना त्यांतला फरक माहीत नसतो. पहिला, मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5. पूर्वीपासून वापरात असलेली वाट कोणी अडवली तर तहसीलदार अडथळा काढून टाकण्याचा आणि पुन्हा अडवू नये असा मनाईहुकूम देऊ शकतो. अट एकच. वाट अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज झाला पाहिजे. दुसरा, जमीन महसूल संहितेचे कलम 143. शेताला वाटच नसेल तर तहसीलदार चौकशी करून इतर गटांच्या हद्दीवरून, म्हणजे धुऱ्याधुऱ्याने, वाट देऊ शकतो. कास्तकाराला शेतात जाण्यासाठी वाजवी वाट किती लागते, हे त्याने पाहायचे असते. निर्णय मान्य नसणाऱ्याला अपील आहे किंवा एका वर्षाच्या आत दिवाणी दावा आहे.

आता यातली मेख पाहा. वाट अडविली जाते जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर. गावातली चार मंडळी मध्ये पडतात आणि म्हणतात, ‘आता पेरले आहे, पीक निघू दे, मग वाट मोकळी करू.’ गरीब माणूस थांबतो. कापसाची शेवटची वेचणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. तोपर्यंत सहा महिने उलटलेले असतात आणि मामलतदार कायद्याचा दरवाजा बंद होतो! ज्यांनी थांबायला सांगितले त्यांना हे माहीत होते की नाही, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो. म्हणून आमचे सांगणे आहे की समझोत्याची बोलणी खुशाल करा, पण अर्ज दाखल करून मग करा. अर्जाला पोच घ्या. अर्जात गट क्रमांक, वाट कोणत्या दिशेने जाते, कोणत्या तारखेला आणि कशाने अडविली, हे लिहा. गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून काढून जोडा.

विदर्भाला तर आणखी एक आधार आहे. विदर्भाचा पूर्वेकडचा भाग पूर्वी मध्य प्रांतात, मालगुजारीखाली होता. 1951 साली मालगुजारी गेली, पण गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क राहिले. संहितेच्या कलम 161 खालील निस्तार पत्रक आणि कलम 165 खालील वाजिब-उल-अर्ज ही कागदपत्रे त्यासाठीच आहेत. वाजिब-उल-अर्जमध्ये खाजगी जमिनीवरून जाण्यायेण्याचा रूढ हक्कही नोंदता येतो. आपल्या गावाच्या या नोंदी किती जणांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आम्ही पैशापैशाने मागतो. गावाच्या वाटेचा कागद मात्र मागत नाही. हे बदलले पाहिजे.

योजनांची उणीव नाही. 2018 साली पालकमंत्री शेत व पाणंद रस्ते योजना आली. 2021 साली रोजगार हमीच्या जोरावर मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आली. 22 मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्ता शक्यतो किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असे ठरले. अर्ज नव्वद दिवसांत निकाली काढण्याचेही सांगितले. या नोंदीचे आम्ही स्वागत करतो. ‘सातबाऱ्यावर लिहिले आहे काय?’ या उद्दाम प्रश्नाला हे पहिले लेखी उत्तर आहे. पण नोंद आपोआप होत नाही. जो मागेल त्याची होते. मागणारा बहुधा तोच असतो ज्याला तहसीलचे टेबल ठाऊक आहे. टोकाचा दोन एकरवाला एक रोजी बुडवून हिंगणघाटला जातो, साहेब दौऱ्यावर असतात, तो परत येतो. अशा तीन चकरांत त्याचा हक्क संपतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ज्याच्या शेतातून वाट जाते तोही अनेकदा दोन एकरवालाच असतो. त्याच्या दोन एकरांतून चार मीटरची पट्टी गेली तर त्याने काय खावे? हा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच वाट मधून नको, धुऱ्यावरून हवी. दोन्ही बाजूंनी सारखी जमीन जावी. जवळची आणि कमीत कमी नुकसानीची वाट निवडावी. आणि नकाशावर जुनी पांदण असताना नवी वाट गरिबाच्या वावरातून काढू नये. नेमके हेच घडते. मोठ्याने गिळलेली पांदण सोडविण्याची हिंमत होत नाही, म्हणून लहानाच्या धुऱ्यावर बोट ठेवले जाते. आणि आमच्यातलाही कोणी दुसऱ्याची वाट नांगरत असेल तर त्यालाही हाच न्याय लागू आहे.

इंग्लंडमध्येही हा लढा झाला. 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउटच्या डोंगरावर शेकडो कामगार बंदी मोडून चढले. त्यांतले पाच तरुण तुरुंगात गेले. 1949 साली तिथे कायदा झाला आणि स्थानिक प्रशासनाला प्रत्येक सार्वजनिक पायवाटेचा अधिकृत नकाशा करावा लागला. त्या नकाशावर चढलेली वाट हा हक्काचा निर्णायक पुरावा मानला जातो. तिथे तो लढा मुख्यत: मोकळ्या हवेत फिरण्यासाठी होता. आमचा लढा पोटासाठी आहे. पण धडा तोच आहे. वाट पायांनी तयार होते आणि कागदाने टिकते.

म्हणून अल्लीपूरसह प्रत्येक गावाच्या ग्रामसभेकडे आमची मागणी आहे. येत्या उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी, तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांना सोबत घेऊन गावनकाशा हातात धरून शिवारफेरी काढावी. प्रत्येक तुटक रेषा पायाखालून घालावी. कुठे वाट आहे, कुठे अरुंद झाली, कुठे नांगरली गेली, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. अतिक्रमण निघेपर्यंत ठराव जिवंत ठेवावा आणि निघाल्यावर हद्दीचे दगड रोवून नोंद करून घ्यावी. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी आपापल्या आईबापांच्या गटाचा नकाशा स्वत: काढून आणावा.

एकेकाळी गावाची शीव दाखविण्याचे, वाटसरूला वाट दाखविण्याचे काम महाराकडे होते. हद्दीच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची होती. सारे शिवार ज्याच्या पायाखालचे, त्याच्या नावावर मात्र धुराही नव्हता. आज त्याच्या नातवाच्या नावावर सातबारा आहे. त्या सातबाऱ्यापर्यंत पोहोचणारी वाट आता त्याने कोणाकडे भीक म्हणून मागायची नाही. नकाशा, अर्ज आणि तारीख घेऊन हक्क म्हणून वसूल करायची आहे.