किरण आणि पेटी : जगदीशचंद्र बोस यांच्या प्रयोगांतील धातूचे आवरण

कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी केलेला प्रयोग सुशिक्षित बंगाली वाचकाला जवळजवळ पाठ असतो. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सभेत बसलेले आहेत. डोळ्यांना न दिसणारी विद्युत्‌लहरी त्यांच्या स्थूल देहातून आणि मधल्या बंद खोल्यांच्या भिंतींतून आरपार जाते. आणि पलीकडच्या खोलीत पिस्तुलाचा बार उडतो, दारूचा ढीग पेट घेतो. हा प्रसंग बोस यांनी स्वतःच ‘अदृश्य आलोक’ या निबंधात मिस्किलपणे सांगितला असून १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अव्यक्त’ या त्यांच्या बंगाली निबंधसंग्रहात तो समाविष्ट आहे. बिनतारी संदेशवहनाचे श्रेय कोणाचे, मार्कोनीचे की बोस यांचे, हा वाद उपस्थित झाला की याच प्रसंगाची साक्ष काढली जाते.

वाद निरर्थक आहे असे नाही. पण त्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. भिंती भेदून जाणारी लहर सर्वांच्या लक्षात राहिली. ती लहर नको तेथे जाऊ नये म्हणून बोस यांनी जी खटपट केली, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी तर नाहीच, विज्ञानाच्या इतिहासकारांनीही पुरेसे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः बोस यांच्या संशोधनाचे वैशिष्ट्य लहर दूर पोहोचविण्यात नसून तिला आवरून धरण्यात आहे. आज संगणक, दूरध्वनी, हृदयाची गती राखणारी यंत्रे अशा असंख्य उपकरणांना परक्या विद्युत्‌चुंबकीय लहरींपासून जपावे लागते. त्यासाठी धातूच्या आवरणाचे जे शास्त्र उभे राहिले आहे, त्याचा एक अतिशय स्वच्छ नमुना प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका अपुऱ्या जागेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाला होता.

बोस यांच्यापुढील अडचण काय होती, ते प्रथम पाहिले पाहिजे. हर्ट्‌झने १८८८ साली विद्युत्‌लहरींचे परावर्तन आणि वक्रीभवन दाखविले, तेव्हा त्याच्या लहरींची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर होती. एवढ्या लांब लहरींसाठी माणसाहून उंच आरसे आणि शेकडो किलो वजनाचा डांबराचा लोलक लागला. बोस यांना स्फटिकांचे गुणधर्म तपासावयाचे होते, आणि स्फटिक तर मुठीत मावणारा. म्हणून त्यांनी लहरींची लांबी ५ ते २५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली. धातूच्या लहानशा गोलकाशी ठिणगी पाडून ही लहर निर्माण होई. ती ओळखण्याचे साधन म्हणजे एकमेकांना हलकेच टेकलेल्या पोलादी स्प्रिंगांची रांग: लहर आदळली की स्पर्शबिंदूंचा विद्युत्‌रोध घटे आणि गॅल्व्हनोमीटरचा काटा सरके.

आता या ग्राहकाचा दोष असा की लहर कोठून आली हे त्याला कळत नाही. ती स्फटिकातून गाळून आलेली असो, की उगमस्थानाच्या फटीतून निसटून, भिंतीवर आपटून, मागच्या दाराने शिरलेली असो. काटा सारखाच सरकतो. अशा स्थितीत ‘हा स्फटिक लहरीला अडवितो’ किंवा ‘अडवीत नाही’ या विधानाला काहीच किंमत उरत नाही. आवरण म्हणजे उपकरणाचे रक्षण, अशी सामान्य समजूत आहे. बोस यांच्या बाबतीत आवरणाने निष्कर्षाचे रक्षण करावयाचे होते.

यासाठी त्यांनी ठिणगी पाडणारे वेटोळे आणि विद्युत्‌घट एका दुहेरी भिंतीच्या धातुपेटीत बंद केले. लहर बाहेर पडण्यास एकच वाट ठेवली, ती म्हणजे एक नळी. पण भिंत दुहेरी कशासाठी? एका पत्र्याने भागले नसते काय? याचे उत्तर लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये २९ जानेवारी १८९७ रोजी दिलेल्या व्याख्यानात बोस यांनीच दिलेले आहे. वेटोळ्यातील प्रवाह तुटतो आणि जुळतो, तेव्हा त्याचे चुंबकीय क्षेत्रही कमीजास्त होते, आणि त्यामुळे ग्राहकाच्या बाजूचा गॅल्व्हनोमीटर विनाकारण हलतो. हा उपद्रव थांबविण्यासाठी आतली पेटी मृदू लोखंडाची केली. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांना दोन वेगळी औषधे लागतात, हे बोस यांनी ओळखले होते.

यामागील तत्त्व थोडक्यात असे. फॅराडेने १८३६ साली तारा आणि धातूचा वर्ख लावलेली बारा फुटांची खोली उभारली, बाहेरून तिच्यावर प्रबळ विद्युत्‌भार सोडला, आणि आत बसून काहीच जाणवत नसल्याची खात्री करून घेतली. धातूतील मुक्त विद्युत्‌कण बाहेरच्या क्षेत्रानुसार सरकतात आणि त्या सरकण्यानेच आतील क्षेत्र नाहीसे करतात. वेगाने बदलणाऱ्या लहरीच्या बाबतीत धातूच्या पृष्ठभागात प्रवाह उत्पन्न होतात. बरीचशी लहर परत फिरते, आणि जी थोडी आत शिरते ती काही अंतरातच विझते. हे अंतर लहरीच्या कंपनसंख्येवर अवलंबून असते. घरातील विजेच्या सेकंदाला ५० या कंपनसंख्येला तांब्यात ते सुमारे ९ मिलिमीटर भरते. सेकंदाला दहा लक्ष कंपने असतील तर मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्शाइतके. आणि बोस यांच्या लहरींना तर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या तीन भागांइतके. म्हणून त्या लहरींना स्वयंपाकघरातल्या वर्खाइतका पातळ पत्राही किल्ल्याच्या तटासारखा आहे. उलट वेटोळ्याच्या संथ चुंबकीय चढउतारांना तोच पत्रा नसल्यासारखा. तेथे लोखंडच हवे, कारण ते चुंबकीय रेषांना अडवीत नाही, तर आपल्या अंगात ओढून घेऊन बाजूने वळविते. पाटाचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालण्याऐवजी चर खणावा, तसे हे आहे. आज या कामासाठी निकेलचे प्रमाण मोठे असलेले मिश्रधातू वापरतात, पण युक्ती तीच आहे.

पत्र्याच्या जाडीपेक्षा खरी कसोटी असते ती फटींची. येथे भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला ‘कवच’ या स्तोत्रप्रकाराची आठवण व्हावी. रामरक्षेत मस्तकापासून पावलांपर्यंत एकेका अवयवाचे नाव घेऊन रक्षण मागितले आहे, कारण जे नाव सुटेल तेथून संकट शिरेल, अशी त्यामागील धारणा. धातूच्या कवचालाही हाच नियम लागू आहे. मात्र सुटलेली जागा किती मोठी, हे लहरीच्या लांबीशी ताडून पाहावे लागते. लहरीच्या निम्म्या लांबीइतकी चीर असली की ती जणू उघडे दारच. आणि लहरीच्या विसाव्या हिश्शाहून भोक लहान असेल तर सामान्यतः भय नाही, असा आजच्या अभियंत्यांचा व्यवहारातील आडाखा. मायक्रोवेव्ह शेगडीच्या काचेत जाळी असते. शेगडीतील लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची, जाळीची छिद्रे मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. त्यामुळे अन्न दिसते, पण लहर बाहेर येत नाही. हीच जाळी बोस यांच्या ५ मिलिमीटरच्या लहरीपुढे ठेवली तर तेवढा भरवसा देता येणार नाही. झाकण आणि पेटी यांच्यामधील केसासारखी रेघसुद्धा लांबीला पुरेशी असली की घात करते, म्हणून आजच्या पेट्यांच्या सांध्यांत विद्युत्‌वाहक गादी किंवा धातूच्या लवचिक पट्ट्या दाबून बसवितात. शिवाय पेटीतून बाहेर येणारी प्रत्येक तार ही चोरवाट असते. दूरदर्शनच्या अँटेनाच्या केबलीत मधल्या तारेभोवती विणलेली तांब्याची जाळी दिसते, ती या वाटेवरचा पहारा होय. मोबाइल संच उघडला तर आत पातळ पत्र्याची लहान लहान झाकणे आढळतात. एकाच संचातील दोन भागांनी परस्परांच्या कामात ढवळाढवळ करू नये, एवढ्यासाठीच ती असतात.

सगळ्या लहरी अडवावयाच्या नसतात. काही अडवावयाच्या आणि काही सोडावयाच्या, असेही काम धातूकडून घेता येते. बोस यांनी त्यासाठी जे साधन वापरले त्याची कथा रंजक आहे. ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेऊन त्यांनी त्याच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घातला. या ग्रंथातून एका दिशेने कंप पावणारी लहर जाते आणि तिच्याशी काटकोनात कंप पावणारी अडते; म्हणजे लहरीचे ध्रुवण होते. नुसत्या पुस्तकातही हा गुण अल्प प्रमाणात असतो, वर्खाने तो तीव्र होतो. पुढे १८९८ साली पिळलेल्या तागाच्या जुड्यांनी त्यांनी लहरीची कंपनदिशा फिरवून दाखविली. बंगालच्या शेतातला ताग आणि बंगालच्या रेल्वेस्थानकावरचे वेळापत्रक यांनी युरोपातील दुर्मीळ स्फटिकांचे काम केले, हा योग कोणाही कादंबरीकाराला हेवा वाटावा असा आहे.

‘अदृश्य आलोक’मध्ये बोस यांनी ध्रुवण समजाविण्यासाठी एक दाखला योजला आहे. माळावर दोन जातींचे प्राणी चरत आहेत: उंच बगळे आणि चपटी कासवे. उभ्या गजांच्या कुंपणातून बगळा सहज निघतो, कासव अडते. आडव्या गजांतून कासव निघते आणि बगळा अडतो. प्रकाशाचेही असेच दोन कळप आहेत, ही कल्पना पंचतंत्रावर वाढलेल्या वाचकाला चटकन पटते. बंगाली गद्यात विज्ञान सांगण्याची जी परंपरा आहे, तीत इतका चपखल दाखला क्वचितच सापडेल. तथापि तो किती ताणावा याला मर्यादा आहे. धातूच्या तारांचे कुंपण प्रत्यक्षात उलट वागते. लहरीची कंपने तारांना समांतर असतील तर तारांतून प्रवाह वाहू लागतो आणि लहर परत फिरते. काटकोनात असतील तर ती निघून जाते. म्हणजे धातूच्या उभ्या गजांपाशी अडतो तो बगळाच! वर्ख घातलेले वेळापत्रकही पानांना समांतर असणारी कंपनेच अडविते. दाखला चुकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो निवड होते एवढे सांगतो, निवडीचे कारण सांगत नाही. पण दृष्टान्तालाच सिद्धान्त मानण्याची सवय असलेल्या समीक्षकाने हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

आवरण सर्वत्र चालत नाही, याचा दाखला मात्र महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाले, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे कठीण प्रश्न उभा राहिला. ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना जमिनीत झिरपतो आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र नाजूक सुयांना हलविते. लोखंडाची पेटी करून त्या सुया आत ठेवाव्यात, तर ज्या पृथ्वीच्या क्षेत्राचे मापन करावयाचे तेही पेटीबाहेरच राहणार. शत्रू आणि पाहुणा एकाच वेषात आले तर दार लावून उपयोग नाही. घरच हलवावे लागते. म्हणून मुंबईहून सुमारे ३० किलोमीटरवर अलिबाग येथे नवी वेधशाळा बांधण्यात आली. तिच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळले आणि पोरबंदरचा दगड वापरला. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळविला गेला. मुंबईची पहिली विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. आज या कामाचा वारसा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. कलकत्त्यात विजेची ट्राम मुंबईच्या आधी, १९०२ सालीच सुरू झाली होती. परंतु तोवर बोस यांचे लक्ष सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादांकडे वळले होते.

या विषयाच्या परिभाषेकडेही भाषांच्या तौलनिक अभ्यासकाने पाहावे. इंग्रजीतील ‘इंटरफिअरन्स’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी येतो. दोन लहरी मिळून कोठे उजेड, कोठे अंधार पडतो, तो एक. आणि परक्या लहरीने उपकरणाच्या कामात विघ्न येते, तो दुसरा. पहिल्यासाठी मराठीने ‘व्यतिकरण’ हा शब्द स्वीकारला, बंगालीने ‘व्यतिचार’. दोन्ही शब्द संस्कृतच्याच टांकसाळीतले, पण नाणी वेगळी. दुसऱ्या अर्थासाठीही कित्येकदा ‘व्यतिकरण’च वापरले जाते, ते योग्य नाही, तेथे ‘व्यत्यय’ हा साधा शब्द अर्थ नेमका पोहोचवितो. ध्रुवणाला बंगालीत ‘समवर्तन’ म्हणतात, आणि पदवीदानाच्या ‘समावर्तना’शी त्याचा गोंधळ होण्याचे भय नवख्या अनुवादकाला नेहमीच असते.

बोस यांनी लहरीला ‘ऊर्मि’ म्हटले आहे. बंगाली वाचकाला त्यात समुद्राची लाट दिसते. मराठीत मात्र ‘ऊर्मी’ मनात उठते, आणि भावकवितेच्या समीक्षेने तर त्या शब्दाला पुरते भावनेच्या स्वाधीन केले आहे. ‘अव्यक्त’चा मराठी अनुवाद करणाऱ्याने ‘विद्युत्‌-ऊर्मी’ तशीच ठेवली तर लोखंडी पेटीत बंद केलेली ती ऊर्मी वाचकाला कवीच्या अंतःकरणातली वाटेल. ‘तरंग’ लिहिला तर शास्त्र सांभाळले जाईल, पण ज्या गद्यात बगळे आणि कासवे चरत आहेत त्या गद्याचा ओलावा जाईल. ‘लहर’ हा शब्द त्यातल्या त्यात मध्यम मार्गाचा. अर्थात, मराठीत लहर माणसाला येतेही, हा धोका पत्करूनच.