काळोखातले मनोरे

महाडहून पाचाडमार्गे हिरकणीवाडीला जावे आणि पावसाळ्याच्या दिवसांत रायगडाकडे मान वर करून पाहावे. माथा ढगात, पायथा धुक्यात. मधला काळा कडा तेवढा अधांतरी उभा! हिरकणीची कथा तर सर्वांना ठाऊकच आहे. तिन्हीसांजेला गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती गवळण कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधविला, असे सांगतात. म्हणजे आधी नियम, मागाहून बुरूज.

गंमत अशी, की न्यूयॉर्कच्या आर्ट डेको गगनचुंबी इमारतींनाही आकार दिला तो एका नियमानेच. १९१५ साली तिथे इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. रस्त्याच्या कडेपासून ती सरळ वर चढली आणि शेजाऱ्यांचे ऊन गिळून बसली. १९१६ साली कायदा झाला: ठराविक उंचीनंतर इमारतीने मागे मागे सरावे; जागेच्या चौथ्या हिश्श्यावर मात्र हवे तितके उंच जावे.

आता कायद्याची कलमे वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे इमारत उभी राहते? ती उभी केली ह्यू फेरिस या चित्रकाराने. शिक्षण वास्तुशिल्पाचे, पण नाव झाले ते दुसऱ्यांच्या इमारती चितारण्यात. हार्वे कॉर्बेट या वास्तुशिल्पज्ञाबरोबर त्याने १९२२ मध्ये चार चित्रे केली. पहिल्यात कायद्याने परवानगी दिलेला नुसता डोंगर, मग त्यात उजेडासाठी पाडलेल्या खाचा, मग पायऱ्या, आणि शेवटी राहण्याजोगी इमारत. कोळशाने कागद काळा करायचा आणि खोडरबराने त्यातून उजेड काढायचा, ही त्याची हातोटी. रस्त्यावरची माणसे मुंगीएवढी, इमारतीच्या पोटाशी कुठून तरी प्रकाशाचा झोत! १९२९ च्या ‘द मेट्रोपोलिस ऑफ टुमॉरो’ या त्याच्या पुस्तकात असली चित्रे पानोपानी आहेत. मला त्यातली लबाडीही दिसते. ज्या सावलीपायी कायदा करावा लागला, तीच सावली या गृहस्थाने इतकी देखणी केली, की कुणाच्या खिडकीतले ऊन गेले हे विचारायचे भानच राहू नये!

ही पायऱ्यापायऱ्यांची तऱ्हा मुंबईतही आली. चर्चगेटसमोरचे १९३८ चे इरॉस पाहा. सोहराबजी भेदवारांनी त्याचा मनोरा तसाच टप्प्याटप्प्याने चढविला आहे. पण आपल्या मुंबईला सावली नको कशी असेल? इथे तर ती मुद्दाम करावी लागते. गजानन बाबूराव म्हात्रे यांच्यासारख्या वास्तुशिल्पज्ञांच्या काळातल्या मरीन ड्राइव्हवरच्या इमारती जेमतेम पाच-सहा मजल्यांच्या. खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, कोपऱ्यांवर वळत गेलेल्या गॅलऱ्या. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हचा हा परिसर, समोरच्या व्हिक्टोरियन इमारतींसह, जागतिक वारशात घेतला. म्हात्रे यांचा १९३७ चा सूना महाल त्याच रांगेत, कोपऱ्यावर उभा आहे. दुपारी समोरच्या कट्ट्यावर बसून पाहावे. तिथे कोळसा लागत नाही. छज्जांच्या सावल्या ऊनच काढीत असते.