तारणातील माणसे

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्यांच्या लेखणीतून उतरला, त्या थॉमस जेफरसन यांनी १७९६ मध्ये माँटिसेलो येथील आपल्या निवासाच्या बांधकामासाठी एका डच पेढीकडून कर्ज काढले, तेव्हा तारण म्हणून त्यांनी आपल्या ताब्यातील सुमारे १५० गुलाम लिहून दिले. पुढे लुइझियानातील दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० गुलाम तारण घेतले, आणि कर्जे थकली तेव्हा त्यांतील सुमारे १,२५० जणांची मालकी त्या बँकांकडेच आली. शेत जागचे हलत नाही, माणूस मात्र हव्या त्या बाजारी नेऊन विकता येतो, म्हणून धनकोला हे तारण अधिक सोयीचे वाटे.

हे वाचून अहमदपूरच्या वाचकाने आपण निराळे आहोत असे समाधान मानू नये. ज्या निजामी अमलाखाली आपला मराठवाडा १९४८ पर्यंत होता, त्याच राज्याच्या तेलंगण भागात भागेला नावाची वहिवाट होती. लग्नकार्यासाठी काढलेल्या अल्पशा रकमेपायी शेतमजूर सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबे, आणि बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई. भागेल्याला लिलावात काढता येत नसे, हा भेद मोठा खरा. परंतु ज्याच्यापाशी गहाण टाकण्याजोगे दुसरे काही नाही त्याचे श्रमच रहन ठेवून घ्यावे, हे तत्त्व एकच.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमात भागेला पद्धतीचा नामनिर्देश आहे. त्या कायद्याने असे सर्व कर्ज रद्द केले, त्याची वसुली गुन्हा ठरविली, आणि हे कर्ज वेठीचे नव्हे हे शाबीत करण्याचा भार मजुरावर न ठेवता धनकोवर टाकला. दुर्बलाचा इतका स्पष्ट कैवार आपल्या कायद्यांत विरळाच.

तरीही बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारे कुटुंब मुकादमाकडून आधी उचल घेते. नवराबायको मिळून हिशेबात एकच कोयता धरला जातो, आजारपणाचा खाडाही मजुरीतून वळता होतो, आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर जाते. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असे मी म्हणत नाही. पण बाकीच्या धाकाने ज्याला काम सोडता येत नाही, तो मजूर कायद्याच्या दृष्टीने वेठबिगारच होय. असा कोणी आपल्या ओळखीत असेल, तर वाचकांनी त्याच्याबरोबर तहसील कचेरीत जावे आणि त्याचा अर्ज स्वतः लिहून द्यावा.