आठ सेकंदांचा वाद्यवृंद

मुलांनो, नांदेडला आमच्या घरचा टेपरेकॉर्डर सेल उतरले की रडू लागे. फीत १ टक्का हळू फिरली, की ४४० हर्ट्झचा सूर ४३५.६ वर येतो. मेलोट्रॉन या वाद्याचेही असेच. १९७० च्या नमुन्यात ३५ पट्ट्या. प्रत्येकीखाली व्हायोलिन, बासरी यांचा सूर भरलेली स्वतंत्र फीत! पट्टी दाबली की फीत सरकते, सुमारे ८ सेकंदांत संपते. बोट उचलताच स्प्रिंग तिला मागे खेचते. साऱ्या फिती एकाच मोटारीवर. जास्त पट्ट्या दाबल्या, की मोटारीवर भार येऊन सूर डळमळतो. स्वीडनमध्ये १९९१ साली निघालेल्या एंग्लागार्ड या वाद्यवृंदाने जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा हाच डळमळता सूर मुद्दाम परत आणला. प्रयोगशाळेत आम्ही जो दोष घालवायला धडपडतो, तोच त्यांना हवा! आता संगणकही तो सूर काढतो; ८ सेकंदांची मर्यादा मात्र मुद्दाम घालावी लागते.